हसवणारी चित्रमालिका गंभीर होते तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षानुवर्षे हसवत आलेली चित्रमालिका एकाएकी आजारपण, मृत्यू, युद्ध किंवा घरातला दुरावा यांविषयी बोलू लागली की वाचकांना पडणारे प्रश्न फारसे वेगवेगळे नसतात. तेच प्रश्न थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे बहुतेक अमेरिका आणि कॅनडा येथील आहेत, कारण रोज एकेक पाऊल पुढे सरकणारी विनोदी मालिका तेथील वृत्तपत्रांत शंभरहून अधिक वर्षे नांदली. मराठीतील स्थितीबद्दल प्रश्न १४ पाहावा.

१. हसवणाऱ्या चित्रमालिकेने गंभीर वळण घेतले असे नेमके केव्हा म्हणायचे?

मालिकेत एखादा दुःखद प्रसंग आला एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. विनोदी चित्रमालिकेत आज जे घडले ते उद्याच्या पहिल्या चौकटीआधी पुसले गेलेले असते. पात्र कड्यावरून पडते, घर जळते, नोकरी जाते आणि दुसऱ्या दिवशी सगळे जिथल्या तिथे असते, कारण रोज नव्याने हसवण्यासाठी पाटी रोज कोरी लागते. ज्या दिवसापासून चित्रकार पाटी पुसणे थांबवतो, म्हणजे आज झालेली जखम पुढच्या महिन्यातही दुखत राहते, गेलेले पात्र परत येत नाही आणि मागे राहिलेल्यांच्या वागण्यात त्या जाण्याचा फरक दिसू लागतो, त्या दिवसापासून वळण आले असे समजावे. मृत्यूवर पहिल्या दिवसापासून विनोदच करणारी मालिका या व्याख्येत बसत नाही, कारण तिने वाचकाला वेगळे असे कोणतेही वचन दिलेले नसते.

२. हे सगळे इंटरनेटवरच्या कॉमिक्सपासून सुरू झाले ना?

नाही, ही वाट फार जुनी आहे. सिडनी स्मिथ यांची ‘द गम्प्स’ ही मालिका १९१७ साली ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये सुरू झाली. हनुवटी नसलेला अँडी गम्प, त्याची बायको मिन आणि त्यांच्या घरातल्या कुरबुरी एवढाच तिचा संसार होता. त्याच मालिकेत ३० एप्रिल १९२९ रोजी मेरी गोल्ड ही तरुणी मरण पावली. तिचा प्रियकर टॉम कार याला खोट्या आरोपात अडकवले गेले होते, तो निर्दोष ठरून परत आला तेव्हा तिच्या अंगात जगण्याचे बळ उरले नव्हते. अमेरिकी वृत्तपत्रांच्या चित्रमालिकेत महत्त्वाचे पात्र मरण्याची ही पहिली ठळक घटना मानली जाते. वाचकांच्या दूरध्वनींना आणि पत्रांना तोंड देण्यासाठी ‘ट्रिब्यून’ला जादा माणसे बसवावी लागली होती.

त्याच वृत्तपत्रातल्या फ्रँक किंग यांच्या ‘गॅसोलीन ॲली’ने १९२१ साली आणखी खोलवरचा बदल घडवला, तोही कोणाला न मारता. ही मालिका १९१८ मध्ये मोटारगाड्यांचे वेड लागलेल्या मित्रांच्या गप्पा म्हणून सुरू झाली होती. स्त्री वाचकही तिच्याकडे वळाव्यात यासाठी मालिकेत एखादे मूल आणावे असा आग्रह वृत्तपत्राच्या मालकांकडून झाला आणि नायक वॉल्ट तर अविवाहित होता. म्हणून १४ फेब्रुवारी १९२१ रोजी त्याच्या दारात कोणीतरी ठेवून गेलेले तान्हे बाळ त्याला सापडले. स्कीझिक्स नावाचे हे बाळ पुढे वाचकांच्या मुलांबरोबर मोठे होत गेले, शाळेत गेले आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्यात दाखल झाले. पात्रांचे वय वाढू देणे हा या साऱ्या प्रकाराचा उगम आहे असे माझे मत आहे आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांत त्याचाच आधार घेतला आहे.

३. व्यंगचित्रकार असे का करतात? विनोद सुचेनासे झाले म्हणून, की पुरस्कार मिळावेत म्हणून?

दोन्ही आरोप नेहमी होतात आणि एखाद्या बाबतीत ते खरेही असतील, परंतु गाजलेल्या मालिकांचा इतिहास पाहिला तर कारण बहुधा अधिक साधे आढळते. लिन जॉन्स्टन यांनी १९७९ साली सुरू केलेल्या ‘फॉर बेटर ऑर फॉर वर्स’ या कॅनेडियन मालिकेतले पॅटरसन कुटुंब त्यांच्या स्वतःच्या कुटुंबावर बेतलेले होते. नवरा दंतवैद्य, एक मुलगा, एक मुलगी आणि सांडलेले दूध. मालिकेतली मुले खऱ्या काळाच्या वेगाने वाढत गेली, त्यामुळे दहा वर्षांनी सांडलेल्या दुधाचा विनोद करायला घरात तेवढे लहान मूलच उरले नाही. घरात पंधरा वर्षांचा मुलगा असेल तर त्याला मित्र असतात, त्या मित्रांना अडचणी असतात, आजी-आजोबा थकतात आणि कुत्रा म्हातारा होतो. चित्रकाराने दुःख बाहेरून आणलेले नसते, वय वाढू दिले की ते आपल्या पायांनी घरात येते.

दुसरे कारण कलावंताच्या स्वतःच्या वयाचे आहे. विशीत-तिशीत सुरू केलेली मालिका माणूस साठीपर्यंत रोज काढत राहतो. एवढ्या काळात त्याने पाहिलेले आजार आणि मृत्यू रोजच्या चार चौकटींतून कायमचे वगळणे हाही एक निर्णयच असतो. चार्ल्स शुल्झ यांनी तो जाणीवपूर्वक घेतला, ‘पीनट्स’मधली मुले पन्नास वर्षे जवळजवळ तेवढीच राहिली आणि उदासी त्यांच्या विनोदातच मुरली. तो मार्गही तितकाच प्रामाणिक आहे.

४. एका कुत्र्याच्या मरणाची इतकी चर्चा का झाली?

हा प्रश्न फार्लीबद्दल असतो आणि सर्वांत जास्त वेळा हाच विचारला जातो. फार्ली हा पॅटरसन कुटुंबाचा केसाळ मेंढपाळ कुत्रा. एप्रिल १९९५ मध्ये घरातले शेंडेफळ, मालिका सुरू झाल्यानंतर जन्मलेली एप्रिल नावाची चार वर्षांची मुलगी, घरामागच्या फुगलेल्या ओढ्यात पडली. म्हातारा फार्ली तिच्यामागे पाण्यात शिरला आणि त्याने तिला बुडू दिले नाही. त्याचाच मुलगा एडगर भुंकून घरच्यांना घेऊन आला. मुलगी वाचली, पण थंड पाणी आणि श्रम फार्लीच्या हृदयाला सोसले नाहीत.

हजारो पत्रे आली. अनेकांनी स्वतःच्या कुत्र्यामांजरांच्या आठवणी लिहून पाठवल्या, तर अनेकांनी सकाळच्या नाश्त्याच्या वेळी मुलांना रडवल्याबद्दल राग व्यक्त केला. माझ्या मते हा राग त्या कथेच्या यशाचाच भाग आहे. फार्लीला वाचकांनी पंधरा वर्षे रोज पाहिले होते, तेही घराच्या पायरीवर झोपलेला, सोफ्याची नासधूस करणारा, चिखलाचे पाय घेऊन आत येणारा, म्हणजे विनोदासाठीच. कादंबरीतल्या पात्राबरोबर आपण आठवडा काढतो, चित्रमालिकेतल्या पात्राबरोबर हजारो सकाळी काढतो आणि त्या प्रत्येक सकाळी आपण बेसावध असतो, कारण हसण्यासाठी आलेलो असतो. विनोदाने निर्माण केलेली ही जवळीक नसती तर फार्लीचे मरण म्हणजे एक साहसकथा ठरली असती.

जॉन्स्टन यांची बाजूही समजून घ्यावी. मालिकेतला काळ खरा असल्यामुळे फार्ली आता कुत्र्याच्या मानाने फार म्हातारा झाला होता आणि त्याला तसाच वर्षानुवर्षे जिवंत ठेवणे म्हणजे बाकी सगळ्यांचे वाढते वय खोटे ठरवणे होते. पुढे कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील पशुवैद्यकांच्या संघटनेने गरिबांच्या पाळीव प्राण्यांच्या उपचारांसाठी जो निधी उभारला त्याला फार्लीचेच नाव दिले गेले.

५. शुल्झ यांनी जॉन्स्टन यांना खरोखर धमकी दिली होती का?

होय, पण ती मैत्रीतली होती. फार्लीला मारण्याचा बेत जॉन्स्टन यांनी शुल्झ यांना सांगितला तेव्हा ते अस्वस्थ झाले आणि तू तसे करणार असशील तर मी त्याच वेळी स्नूपीला (‘पीनट्स’मधल्या लाडक्या कुत्र्याला) ट्रकची धडक बसवून रुग्णालयात पाठवीन, म्हणजे सारे जग स्नूपीची काळजी करील आणि तुझी कथा कोणी वाचणार नाही, अशा अर्थाचे बोलले. जॉन्स्टन यांनी मग ती कथा नेमकी कधी येणार हे त्यांच्यापासून लपवून ठेवले. ही आठवण त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितली आहे. दोघांतला मतभेद मात्र खरा होता : पात्रांना काळाच्या स्वाधीन करायचे की काळापासून वाचवायचे, याची दोघांची उत्तरे वेगळी होती.

६. लॉरेन्सची कथा काही वृत्तपत्रांनी का छापली नाही? त्यात तर कोणी मेलेही नव्हते.

‘फॉर बेटर ऑर फॉर वर्स’मध्येच, फार्लीच्या दोन वर्षे आधी, १९९३ च्या वसंतात, पॅटरसन कुटुंबातला थोरला मुलगा मायकल याचा शेजारी आणि बालमित्र लॉरेन्स आपण समलिंगी असल्याचे त्याला सांगतो. मायकलच्या सांगण्यावरून तो घरीही बोलतो. आई ते मान्य करायलाच तयार होत नाही, सावत्र वडील त्याला घराबाहेर काढतात आणि काही दिवसांनी त्याला परत घेतात. अमेरिकेतल्या काही वृत्तपत्रांनी त्यापायी मालिकाच कायमची बंद केली आणि अनेकांनी त्या काही आठवड्यांपुरते तिचे जुने भाग छापले. संपादकांचे म्हणणे साधारणपणे असे होते की विनोदाचे पान मुले वाचतात, त्यामुळे हा विषय तेथे नको.

यामागची यंत्रणा ठाऊक असली तर निर्णय अधिक नीट समजतो. तेथे रोजची मालिका सिंडिकेटमार्फत, म्हणजे एकाच वेळी शेकडो वृत्तपत्रांना मजकूर पुरवणाऱ्या वितरण संस्थेमार्फत छापली जाते आणि भाग काही आठवडे आधी तयार असतात. त्यामुळे वादग्रस्त कथेची कल्पना संपादकांना आधीच मिळते आणि नकार देण्याची सोयही असते. १९९४ साली संपादकीय व्यंगचित्रांच्या पुलित्झर या अमेरिकी पत्रकारितेतल्या मानाच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत जॉन्स्टन यांचे नाव याच कथेमुळे आले.

मला या कथेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती अशी की लॉरेन्स त्या कथेसाठी निर्माण केलेला नव्हता. तो वर्षानुवर्षे मायकलबरोबर खेळणारा, शेजारच्या घरातला मुलगा होता. विषय मांडण्यासाठी नवे पात्र आणले असते तर वाचकाने त्याला पाहुण्यासारखे वागवून विसरून टाकले असते.

७. ‘फंकी विंकरबीन’मध्ये दुःखाचा अतिरेक झाला असे म्हणतात, ते खरे आहे का?

या प्रश्नाला दोन भागांत उत्तर द्यावे लागते. टॉम बॅट्युक हे ओहायोमध्ये चित्रकलेचे शिक्षक होते आणि २७ मार्च १९७२ रोजी सुरू झालेली त्यांची मालिका शाळेतल्या मुलांच्या निव्वळ गमतींची होती. कायम हरणारा फुटबॉल संघ, पावसापाण्यात बँड वाजवत राहणारा बँडमास्तर डिंकल आणि शाळेतला बोलणारा संगणक ही तिची ओळख. १९८६ मध्ये लिसा या विद्यार्थिनीच्या गरोदरपणाची कथा आली आणि १९९२ मध्ये बॅट्युक यांनी काळ एकदम पुढे नेऊन साऱ्या पात्रांना प्रौढ केले. लिसाचा शाळासोबती लेसशी संसार सुरू झाला. १९९९ मध्ये तिला स्तनाचा कर्करोग झाला, ती त्यातून बरी झाली, तो उलटला आणि ४ ऑक्टोबर २००७ रोजी ती गेली. शेवटच्या भागात मुखवटा घातलेली एक आकृती तिला हात धरून घेऊन जाते. तिच्या नावाने क्लीव्हलंडच्या रुग्णालयात कर्करोगासाठी निधी स्थापन झाला आणि ती कथा पुस्तकरूपानेही आली.

लिसाची कथा मी अतिरेकात गणत नाही. तिच्यात उपचारांचा कंटाळा आहे, प्रतीक्षालये आहेत, नवऱ्याची चिडचिड आहे आणि मुलीसाठी ध्वनिचित्रफिती भरून ठेवणारी आई आहे, शिवाय तिच्यात विनोद शेवटपर्यंत टिकलेला आहे. अतिरेकाची तक्रार त्यानंतरच्या काळाविषयी आहे. काळ आणखी दहा वर्षे पुढे ढकलला गेला तोवर मालिकेत अपघातात हात गमावलेली संगीतशिक्षिका, युद्धकैदी होऊन परतलेला सैनिक, दारूच्या आहारी गेलेला माणूस असे सारे जमले होते आणि कोणाच्याही चेहऱ्यावर साधे हसू आले की आता याच्यावर काय कोसळणार असे वाचकाला वाटू लागे. दुःख ठरावीक वेळापत्रकाने येऊ लागले की त्याचाही ठरीव विनोदासारखा साचा बनतो, त्यामुळे या तक्रारीत तथ्य आहे. ही मालिका ३१ डिसेंबर २०२२ रोजी संपली.

८. ‘सेरेबस सिंड्रोम’ म्हणजे काय?

विनोदी मालिकेचे हळूहळू गुंतागुंतीच्या, गंभीर कथेत रूपांतर होण्याला इंटरनेटवरील कॉमिक्सच्या समीक्षकांनी दिलेले हे नाव आहे. ते डेव्ह सिम या कॅनेडियन चित्रकाराच्या ‘सेरेबस’वरून आले. डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेले हे कॉमिक तलवारबहाद्दर कॉननच्या कथांचे विडंबन होते. बलदंड नायकाच्या जागी करडा, बुटका, मुंग्या खाणारा प्राणी, एवढीच त्यातली गंमत होती. सुमारे पंचवीस अंकांनंतर तेथे निवडणुका, राजकारण, धर्मसत्ता आणि पापाची जाणीव आली. सिम यांनी तीनशे अंक काढण्याचे जाहीर केले होते आणि मार्च २००४ मध्ये तीनशेवा अंक काढून ते पूर्णही केले. तोपर्यंत त्यांची स्त्रियांविषयीची मते कथेत इतकी शिरली होती की बराच वाचकवर्ग त्यांना सोडून गेला.

म्हणून हे नाव वापरताना थोडे सावध राहावे. ‘सिंड्रोम’ या शब्दाने सगळे रूपांतर आजारासारखे वाटते, पण जेफ स्मिथ यांचे ‘बोन’ पाहा. १९९१ ते २००४ या काळात ५५ अंकांत आलेली ही कथा तीन गोलमटोल चुलत भावांच्या धांदलीने सुरू होते आणि एका राज्याच्या युद्धाशी जाऊन पोहोचते, तरी शेवटच्या अंकापर्यंत ती हसवते, कारण तिचा पुढचा प्रवास पहिल्या भागांतच पेरलेला होता.

९. ‘लॉस’ नावाच्या त्या चार चौकटींवर लोक हसतात का? विषय तर गर्भपाताचा आहे.

टिम बकली यांच्या ‘कंट्रोल ऑल्ट डिलीट’ या व्हिडिओ गेमविषयीच्या विनोदी वेबकॉमिकमध्ये २ जून २००८ रोजी एक निःशब्द भाग आला. नायक ईथन धावत रुग्णालयात शिरतो, स्वागतकक्षात विचारतो, डॉक्टरांशी बोलतो आणि शेवटच्या चौकटीत त्याची जोडीदार लायला खाटेवर कुशीला वळून रडताना दिसते. तिचा गर्भ गेलेला असतो. लोक त्या दुःखावर हसले नाहीत, ते हसले त्या मालिकेच्या त्या दुःखाकडे जाण्याच्या पद्धतीवर. आदल्या दिवसांपर्यंत आरडाओरडा आणि हाणामारीच्या विनोदांवर चाललेल्या मालिकेत पात्रांना एवढे खोल दुःख पेलेल असे काहीच उभे केलेले नव्हते आणि पहिल्या तिन्ही चौकटी नायकाच्या धावपळीने व्यापल्या होत्या, जिचे दुःख होते ती फक्त शेवटी, तीही न बोलता. पुढे त्या चार चौकटींतल्या माणसांच्या जागी निव्वळ उभ्या-आडव्या रेघा काढून लोक एकमेकांना ओळखायला लावू लागले आणि आज ती रचना मूळ कथेपेक्षा जास्त प्रसिद्ध आहे.

ज्यांनी असे दुःख प्रत्यक्ष भोगले आहे त्यांना ही थट्टा बोचते, हे मी पत्रांतून वाचले आहे, आणि त्यांचे बोचणे योग्य आहे. फार्लीच्या कथेशी (प्रश्न ४) तुलना केली म्हणजे फरक कोठे पडला ते दिसेल.

१०. ‘डून्सबरी’ तर पहिल्यापासून राजकीय आहे. मग ती या यादीत कशी?

शंका रास्त आहे आणि म्हणूनच तिला कडेचे उदाहरण मानावे. गॅरी ट्रूडो यांची ही मालिका १९७० पासून उपरोधावर चालत आली आणि १९७५ मध्ये तिला पुलित्झर मिळाले, चित्रमालिकेला मिळालेले ते पहिले. वळण आले ते पात्रांच्या शरीराशी. एड्सने आजारी पडलेला अँडी लिपिनकॉट १९९० मध्ये मरण पावला. पहिल्या दिवसापासून शिरस्त्राणात वावरणारा बी. डी. हा नायकांपैकी एक सैनिक म्हणून एप्रिल २००४ मध्ये इराकमध्ये जखमी होऊन एक पाय गमावतो आणि त्याच वेळी वाचकांना त्याचे उघडे डोके प्रथमच दिसते. चौतीस वर्षे ज्या शिरस्त्राणावर विनोद झाला होता त्याचे नुसते नसणेच तेथे सारे सांगून जाते. माझ्या वाचनात एखाद्या जुन्या विनोदी खुणेचा याहून नेमका वापर आलेला नाही. पुढची कित्येक वर्षे ट्रूडो यांनी त्याचे उपचार, चिडचिड आणि समुपदेशन सावकाश दाखवले, त्यासाठी जखमी सैनिकांना जाऊन भेटले आणि मधूनमधून हसवतही राहिले.

११. एखाद्या आठवड्यापुरतीच गंभीर झालेली मालिका यात धरायची का?

प्रश्न १ मधल्या कसोटीप्रमाणे नाही, परंतु अशी उदाहरणे हेतुपुरस्सर वाचण्यासारखी आहेत. ‘कॅल्व्हिन अँड हॉब्स’ ही एक लहान मुलगा आणि त्याचा खेळण्यातला वाघ यांची मालिका. तिच्यात १९८७ साली कॅल्व्हिनला रॅकून या रानटी प्राण्याचे जखमी पिल्लू सापडते, आई त्याला खोक्यात ठेवते आणि ते दगावते. नेहमी तोंडाळ असलेला मुलगा तेथे काही उत्तर न सापडता वाघाला बिलगून बसतो. पुढे मालिका पूर्ववत होते, पण कॅल्व्हिन असेही विचार करू शकतो हे आपल्याला कळलेले राहते. ‘गारफील्ड’मध्ये २३ ते २८ ऑक्टोबर १९८९ या सहा दिवसांत मांजराला जाग येते ती वर्षानुवर्षे रिकाम्या पडलेल्या घरात. त्याचे कारण मात्र वेगळे होते, हॅलोविन या भुताखेतांच्या सणाच्या निमित्ताने मालिकेचे चित्रकार जिम डेव्हिस यांना खरी भीती दाखवायची होती आणि त्यांनी एकटे पडण्याची भीती निवडली.

१२. आर्ची मेला असे ऐकले. मग अजूनही त्याची पुस्तके कशी निघतात?

आपल्याकडे भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांतून आर्ची वाचून मोठी झालेली पिढी हा प्रश्न काळजीने विचारते, तेव्हा आधी धीर द्यावासा वाटतो : नेहमीचा आर्ची सुखरूप आहे. ‘लाइफ विथ आर्ची’ ही वेगळी मालिका त्याच्या प्रौढपणाची कल्पना करणारी होती. तिच्या एका धाग्यात तो बेटी या मैत्रिणीशी आणि दुसऱ्यात व्हेरॉनिका या दुसरीशी विवाह करतो. जुलै २०१४ मधल्या ३६ व्या अंकात सिनेटर झालेल्या केविन केलर या मित्रावर झाडलेली गोळी स्वतःवर घेऊन तो मरतो. मृत्यू वेगळ्या शाखेत ठेवल्यामुळे १९४१ पासूनचा विनोदी आर्ची जसाच्या तसा राहिला. ही सोय व्यवसायाच्या दृष्टीने सुज्ञ आहे, पण परत येण्याचे दार उघडे असलेला मृत्यू फार्लीइतका चटका लावत नाही.

१३. सुपरहिरोंची कॉमिक्सही १९८० नंतर काळोखी झाली. तो हाच प्रकार का?

नाही. ती मुळात साहसकथा होती आणि त्यांच्यातला बदल बराचसा नियंत्रणाशी निगडित होता. १९५४ पासून अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेली आचारसंहिता इतकी कडक होती की १९७१ साली अमली पदार्थांच्या धोक्याविषयीचे स्पायडर-मॅनचे तीन अंकही तिच्या शिक्क्याविना काढावे लागले. त्यानंतर त्याच वर्षी नियम सैल झाले. तेथे बंधन सुटले, तर येथे सवय मोडली.

१४. मराठीत असे कधी झाले का?

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ साली ‘सकाळ’मध्ये आला आणि तेव्हाचे त्याच्या वयाचे वाचक आता त्याच्या आईबाबांच्या वयाचे झाले आहेत. चिंटू मात्र मोठा झाला नाही. ही शुल्झ यांची वाट आहे (प्रश्न ३) आणि तिच्यामुळेच आजही त्याचा कोणताही भाग उघडून वाचता येतो. याखेरीज आपली चित्रविनोदाची परंपरा मुख्यतः एकाच चौकटीची राहिली : वृत्तपत्रातले छोटे व्यंगचित्र आणि दिवाळी अंकातले हास्यचित्र. शि. द. फडणीस यांच्या निःशब्द हास्यचित्रांत एक संपूर्ण प्रसंग मावतो, पण त्याला उद्या नसतो. गंभीर वळणासाठी आधी काही वर्षांचे रोजचे सहवासाचे भांडवल लागते आणि ते जमवण्याची सवड आपल्या चित्रकारांना सहसा मिळालेली नाही. एखाद्या मराठी वृत्तपत्राने वय वाढणाऱ्या कुटुंबाची मालिका वीस वर्षे चालू द्यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

१५. अशा मालिका मुलांना वाचायला द्याव्यात का?

सरसकट उत्तर देता येत नाही. ‘कॅल्व्हिन’मधली रॅकूनची गोष्ट आणि फार्लीची कथा मोठ्यांनी शेजारी बसून अवश्य वाचून दाखवावी, कारण घरात प्रत्यक्ष मृत्यू घडण्याआधी त्याविषयी बोलण्याची इतकी सौम्य संधी क्वचित मिळते. ‘बोन’ वाचणारी मुले ते स्वतःच वाचतात. लिसाची कथा किशोरवयापर्यंत थांबू शकते. ‘सेरेबस’ प्रौढांसाठीच आहे, मुखपृष्ठावरचा गोंडस प्राणी पाहून ते मुलाच्या हाती देऊ नये.

१६. मी स्वतः विनोदी चित्रमालिका काढतो आणि एका पात्राला गंभीर आजार द्यावा असे मनात आहे. काय सांभाळावे?

आधी हे पाहा की तुमची पात्रे काळात जगतात की नाही. सहा वर्षांत एकाही पात्राचा वाढदिवस झाला नसेल तर आजारपणाआधी त्यांना थोडे वय द्या. आजार त्यासाठीच आणलेल्या पात्राला देऊ नका (प्रश्न ६) आणि ज्याला आजार आहे त्यालाच बोलू द्या (प्रश्न ९). मालिकेतल्या जुन्या विनोदी खुणा फेकून न देता त्यांच्याकडून काम करून घ्या, बी. डी.च्या शिरस्त्राणासारखे. आजाराचे तपशील जाणकारांकडून तपासून घ्या, कारण तोच आजार असलेला वाचक तुमची प्रत्येक चौकट डॉक्टरांच्या कागदाइतक्या बारकाईने वाचणार आहे. आणि त्या घरातली माणसे त्या काळातही कशाकशावर हसत असतील याची नोंद ठेवा. रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांइतके विनोदाला भुकेले दुसरे कोणी नसते, हे ज्याने ती बाके अनुभवली आहेत त्याला सांगावे लागत नाही.

१७. एकदा गंभीर झालेली मालिका पुन्हा हलकीफुलकी होऊ शकते का?

पुढे जात राहून ते कठीण असते, कारण वाचक आता सावध झालेला असतो (प्रश्न ७). जॉन्स्टन यांनी वेगळाच मार्ग काढला. ऑगस्ट २००८ च्या अखेरीस त्यांनी पॅटरसन कुटुंबाची कथा संपवली, सगळ्यांचे पुढे काय झाले ते सांगून टाकले आणि दुसऱ्याच दिवसापासून मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, सुरुवातीला काही नवे भाग जोडून आणि नंतर जुनेच भाग छापत. मुले पुन्हा लहान झाली, दूध पुन्हा सांडू लागले आणि फार्ली पुन्हा तरुण होऊन चिखलाच्या पायांनी घरात शिरू लागला. वाचकांना आता ओढ्याची जागा माहीत होती.